खाणीचा पट्टा आणि वहीतला महसूल



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने खाण-कंपन्यांच्या हिशेबपद्धतीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. त्याला दोन कारणे आहेत. माझा प्रबंध मोडी दफ्तरांतील महसुली परिभाषेवर होता. त्यामुळे पट्टा, मक्ता, इजारा, महसूल हे शब्द आयुष्यभर सोबतीला राहिले. दुसरे कारण गुरुजींचे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, त्या गुरुजींनी आम्हाला गणिताच्या तासाला जमाखर्च लिहायला शिकवले. कीर्दीत रक्कम लिहिण्याआधी ते एकच प्रश्न विचारीत : ‘ही रक्कम आली कुठून?’ विद्यार्थी उत्तर देई, ‘विकून.’ त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे : ‘काय विकलेस, आणि ते तुझे होते का?’ आजचे माझे विवेचन या दोन प्रश्नांपलीकडे फारसे जाणार नाही.

आपण ज्या फरशीवर बसला आहात ती शहाबादी. भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीचे थर सुटे करून काढलेली ही लादी मुंबई-पुण्याच्या वाड्या-चाळींपर्यंत गेली आणि ‘शहाबादी’ हा शब्द मराठीत सामान्यनाम होऊन बसला. माझ्या चुलत्यांची थोडी जमीन चित्तापूरच्या बाजूला होती. साठीच्या दशकात एका दगडाच्या ठेकेदाराने ती पाच वर्षांसाठी भाड्याने मागितली. कागद झाला, दर वर्षाला ठरलेली रक्कम येऊ लागली आणि काकांनी ती वहीत ‘शेताचे उत्पन्न’ या खात्यावर जमा केली. पाच वर्षांनी ठेकेदाराने जमीन कराराप्रमाणे परत केली. परत आला तो पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा, त्यात साचलेले हिरवे पाणी आणि काठावर तुकड्यांचा ढीग. कराराचा भंग कोठेच झालेला नव्हता. काकू एवढेच म्हणाल्या, ‘विकलं असतं, तर विकलं म्हणून तरी कळलं असतं.’

काकूंच्या या वाक्यात हिशेबशास्त्रातला एक अवघड प्रश्न दडला आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

भाषा पाहू. ‘महसूल’ हा शब्द अरबी. हाती आलेले, प्राप्त झालेले, असा त्याचा अर्थ. ‘त्यात काय हशील?’ असे आपण म्हणतो, तो ‘हशील’ही त्याच धातूचा. ‘इजारा’ म्हणजे भाड्याने देणे. ‘मक्ता’ म्हणजे ठरावीक रकमेवर उत्पन्नाचा हक्क सोपवणे. पुढे त्यातूनच ‘मक्तेदारी’ आली आणि तिचा अर्थ बदलून एकाधिकार असा झाला. ‘उत्पन्न’ हा संस्कृत शब्द मात्र नीट पाहावा. उत्पन्न म्हणजे उपजलेले, नव्याने जन्मलेले. ज्वारीचे कणीस उत्पन्न आहे, आंबा उत्पन्न आहे. पुढच्या वर्षी ते पुन्हा उपजणार आहे. चुनखडीचा थर कोट्यवधी वर्षांपूर्वी उपजला. खाणमालक त्याचा केवळ उपसा करतो. भाड्याच्या कल्पनेतही वस्तू परत मिळणे गृहीत असते. बैल भाड्याने दिला तर संध्याकाळी बैल गोठ्यात यावा. खाणीचे भाडे हे असे भाडे आहे की ज्यात बैल खाल्ला जातो.

ही अडचण जुन्यांना ठाऊक नव्हती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवर देखरेख करणारा ‘आकराध्यक्ष’ आहे, आणि ज्या खाणीला खर्च फार ती भागाने किंवा ठरावीक मोबदल्याने दुसऱ्यास द्यावी, कमी खर्चाची राज्याने स्वतः चालवावी, असे तेथे सांगितले आहे. भाग आणि ठरावीक मोबदला हे दोन्ही प्रकार आजच्या खाणपट्ट्यात जसेच्या तसे आहेत. काढलेल्या मालावर सरकारला द्यायचे ते स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. खाण चालो वा न चालो, पट्टा धरून ठेवल्याबद्दल द्यायचे ते डेड रेंट. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार या दोहोंपैकी जी रक्कम मोठी होईल ती पट्टेदाराने भरायची असते. लोहखनिजावरील स्वामित्वधन २०१४ पासून सरासरी विक्रीकिमतीच्या १५ टक्के आहे.

आपला मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, म्हणून एक जुने प्रकरण येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १८८६ मध्ये संस्थानातील खनिजांचा ९९ वर्षांचा परवाना दोघा इंग्रजांना मिळाला. त्यांनी लंडनमध्ये १० लाख पौंड भांडवलाची कंपनी काढली आणि तिचे बहुतांश भाग परवान्याच्या मोबदल्यात प्रवर्तकांकडेच ठेवले. म्हणजे रोख काही न भरता. पुढे त्यांतीलच काही भाग संस्थानच्या तिजोरीतून, दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने, विकत घेतले गेले. अब्दुल हक या संस्थानी अधिकाऱ्याचे नाव त्यात गाजले आणि १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीला चौकशी करावी लागली. खनिज संस्थानचे, परवाना संस्थानने दिलेला, आणि त्या परवान्याचेच मोल पुन्हा संस्थानने मोजले! जमिनीखालचा दगड कोणाच्याच वहीत नव्हता. वहीत होता तो केवळ कागद.

आता आजच्या कंपन्यांकडे येऊ. वार्षिक अहवालात ताळेबंद आणि नफातोटा पत्रकानंतर ‘महत्त्वाची लेखाधोरणे’ असे एक लांबलचक टिपण असते. बहुतेक भागधारक ते वाचत नाहीत. मी निवृत्तीनंतर ते वाचू लागलो, आणि सांगतो, मोडी वाचणे सोपे. आपल्या परिसरात वाडी, सेडमकडे चुनखडीच्या मोठ्या खाणी आहेत; पण तो दगड बहुतांशी त्याच कंपनीच्या सिमेंट कारखान्यात जातो. विक्री होते ती सिमेंटची, त्यामुळे खनिज नेमके कधी ‘विकले’ गेले हा प्रश्न तेथे झाकलेला राहतो. तो उघड्यावर आला गोव्यात, जेथे लोहखनिज खाणीतून निघून ट्रकने मांडवी-जुवारीच्या काठी, तेथून बार्जने मुरगावला आणि मुरगावहून जहाजाने परदेशी जात असे.

या प्रवासात एकाच ढेकळाची किंमत वहीत तीनदा बदलते. जमिनीत असताना तिला किंमत शून्य. तेव्हा ते कंपनीच्या विक्रीयोग्य मालात धरलेच जात नाही. खोदून ढिगात पडले की तो ‘मालसाठा’ होतो आणि त्याची किंमत धरतात ती खोदाईच्या खर्चाइतकी, किंवा विकून हाती येईल तेवढी, यांत जी कमी असेल ती. जहाजात भरले की ते विक्रीच्या भावाने ‘महसूल’ होते. कधी झाला महसूल? पूर्वीचे लेखामानक ९ विचारी की, मालकीची जोखीम आणि लाभ ग्राहकाकडे गेले का? १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेले भारतीय लेखामानक ११५ विचारते की, मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेला का? ‘ताबा’ म्हणजे त्या मालाचा वापर ठरवण्याची आणि त्याचा लाभ घेण्याची शक्ती. करार मुरगाव बंदरावर जहाजात माल पोहोचवण्यापुरता असेल, तर माल जहाजात चढला तो क्षण महसुलाचा. वाहतूकही विक्रेत्याच्या अंगावर असेल, तर सागरी वाहतूक ही वेगळी सेवा मानतात आणि तिचा महसूल प्रवास होत जाईल तसा लिहितात. एका बिलाचे असे दोन तुकडे होतात.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. माल चढला तरी भाव पक्का झालेला नसतो. लोहाचे प्रमाण, ओलावा, आणि ठरलेल्या महिन्यातील बाजारभाव यांवर अंतिम किंमत ठरते. समजा, ३१ मार्चला ५० हजार टन माल समुद्रावर आहे आणि तात्पुरता भाव टनाला ४,००० रुपये आहे. तर महसूल २० कोटी. पुढे भाव ३,७०० वर उतरला, तर दीड कोटी गेले. ही घट-वाढ अनेक कंपन्या ग्राहकांशी झालेल्या कराराच्या महसुलापासून वेगळी काढून दाखवतात, आणि ते योग्यच आहे. कारण माल विकण्याचे काम एक आणि भावाच्या चढउताराचे नशीब दुसरे. या नियमाच्या बारकाईचे मला मनापासून कौतुक वाटते. ‘ही रक्कम आली कुठून?’ या गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो जवळजवळ पूर्ण देतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पट्ट्यात शोधावे लागते. १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्यांसाठी भारतीय लेखामानक ११६ आले. पूर्वी कंपनी एखादी वस्तू दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेई आणि दर वर्षीचे भाडे खर्ची टाकून मोकळी होई. देण्याचे ओझे ताळेबंदात दिसत नसे. नव्या मानकाने सांगितले की, वापराचा हक्क ही मालमत्ता आहे आणि पुढे द्यावयाच्या भाड्याचे आजचे मूल्य हे देणे आहे. दोन्ही ताळेबंदात दाखवा. सुधारणा मोठी होती. त्यामुळे खाण-कंपनीने भाड्याने घेतलेले डंपर, खोदाई यंत्रे, बार्ज, कचेरीची इमारत, सारे ताळेबंदात आले. मात्र खाणपट्टा आला नाही. खनिज, तेल, नैसर्गिक वायू अशा पुन्हा न निर्माण होणाऱ्या साधनांचा शोध वा वापर करण्यासाठीचे पट्टे या मानकाच्या कक्षेबाहेर आहेत, असे त्याच्या आरंभीच्याच कलमांत म्हटले आहे. जुन्या लेखामानक १९ मध्येही अशीच सूट होती. ज्या पट्ट्याशिवाय कंपनीला अस्तित्वच नाही, तो पट्टा सोडून बाकी सर्व पट्टे पट्ट्यांच्या नियमात!

यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. मानक करणाऱ्यांनी एक खरी गोष्ट ओळखली : जेथे वस्तू वापरून परत करायची नाही, संपवायचीच आहे, तेथे भाड्याची कल्पना लागू पडत नाही. काकू हेच म्हणत होत्या. मग खाणपट्टा वहीत जातो कोठे? तो मिळवण्यासाठी प्रत्यक्ष जो खर्च झाला असेल, तेवढाच ‘खाण-हक्क’ म्हणून मालमत्तेत येतो. आणि जसजसा माल निघतो तसतसा, साठ्याच्या प्रमाणात किंवा पट्ट्याच्या मुदतीत, खर्ची पडतो. हक्क स्वस्तात मिळाला असेल तर आकडा क्षुल्लक असतो. या मुदतीबद्दल कंपनी काय गृहीत धरते, हे टिपणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य. नूतनीकरण होईलच असे मानले, तर खर्च अनेक वर्षांवर पसरतो आणि नफा फुगतो.

गोव्यात नेमके हे गृहीतच कोसळले. पोर्तुगीज राजवटीत तेथील खाणींच्या सवलती मुदतीविना, जवळजवळ कायमच्या दिल्या जात. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून, २० डिसेंबर १९६१ पासून त्यांना १९५७ च्या कायद्याखालील पट्टे मानले. खाणी चालूच राहिल्या. चीनची मागणी वाढली तशी २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास माल जाऊ लागला. त्यात आपल्या कर्नाटकातील मालही होता. २०१२ च्या सप्टेंबरात न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल आला : या मानीव पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली होती, नूतनीकरणाची कमाल २० वर्षेही २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. त्यानंतरची खोदाई बेकायदा.

सभासदहो, याचा हिशेबातील अर्थ लक्षात घ्यावा. २००७ ते २०१२ ही पाच वर्षे कंपन्यांच्या पत्रकांत महसूल नियमाप्रमाणे लिहिला गेला होता. लेखापरीक्षकांनी सह्या केल्या, लाभांश वाटले गेले, कर भरले गेले. माल जहाजात चढला होता, ग्राहकाने पैसे दिले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख होते. ‘ते तुझे होते का?’ हा दुसरा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि उत्तर नकारार्थी आले. उपसून ठेवलेल्या ढिगांचीही मालकी वादात पडून त्यांचा न्यायालयाच्या देखरेखीखाली लिलाव झाला. पुढे राज्याने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द ठरून मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. खाण-कंपनीजवळ निदान अन्य धंदे असतात. कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेल्या डिचोली, सांगे, केपेच्या माणसाने त्याच गृहीतावर आपला संसार मांडला होता, आणि त्याच्यासाठी कोणतेही लेखाधोरण छापलेले नव्हते. २०२२ च्या डिसेंबरात नव्या कायद्याप्रमाणे पहिले गट लिलावात गेले. डिचोलीचा गट वेदांताने घेतला. आता विकलेल्या मालाच्या किमतीचा बोलीत ठरलेला हिस्सा राज्याला जातो. हक्काचे मोल जरा उघड झाले, एवढे मान्य करावे लागेल.

२०१४ च्या निकालातील आणखी एक आदेश मला विशेष वाटतो. विक्रीच्या रकमेतून १० टक्के काढून गोव्यासाठी लोहखनिजाचा कायम निधी उभारावा, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्या पिढ्यांचा त्या खनिजावरील वाटा राखण्यासाठी. वार्षिक उपशाला दोन कोटी टनांची मर्यादाही तात्पुरती घातली. अलास्काने १९७६ मध्ये आणि नॉर्वेने १९९० मध्ये तेलासाठी असे निधी कायद्याने निर्माण केले. त्यामागची हिशेबी कल्पना आपल्या घराघरात जुनीच आहे : जमीन विकून आलेला पैसा सणावारात खर्च करीत नाहीत, त्याची दुसरी जमीन घेतात. आपली राज्य सरकारे मात्र स्वामित्वधन करेतर ‘महसूल’ म्हणून जमा करतात आणि त्याच वर्षी खर्चून टाकतात. कंपनीच्या वहीत जमिनीतला दगड नाही, कारण तो तिचा नाही. मालकाच्या, म्हणजे राज्याच्या, वहीतही नाही, कारण सरकारी जमाखर्च रोखीचा आहे. त्यामुळे तो खोदून नेला तरी कोणाच्याच वहीत काही कमी झालेले दिसत नाही. काकांच्या वहीतही दिसले नव्हते.

स्वामित्वधन या शब्दावरचा वादही अलीकडे मिटला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉयल्टी हा कर आहे असे म्हटले होते. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते आठ विरुद्ध एक मताने फिरवले. स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला दिलेला कराराचा मोबदला होय. न्या. नागरत्ना यांनी विरोधी मत नोंदवले. त्यांची भीती अशी की, राज्याराज्यांत कर लावण्याची चढाओढ लागेल. ती भीती निराधार आहे असे मला वाटत नाही. पण शब्दार्थाच्या दृष्टीने बहुमत बरोबर आहे. ‘स्वामित्वधन’ हा मराठी पर्याय ज्या कोणी घडवला, त्याने हा निकाल शब्दातच लिहून ठेवला होता. पुढे १४ ऑगस्टला न्यायालयाने राज्यांना खनिज-हक्कांवरील कर १ एप्रिल २००५ पासून मागण्याची मुभा दिली. जुनी बाकी १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्यांनी भरायची. तेव्हा यापुढे खाण-कंपनीचा अहवाल हाती आला, तर महसुलाचे धोरण वाचून थांबू नये. संभाव्य देण्यांचे टिपणही उघडावे.

आपल्यापैकी ज्यांच्या जमिनी चित्तापूर-सेडमच्या पट्टीत आहेत, त्यांच्याकडे आजही दगडाचे ठेकेदार येतात. कागदावर सही करण्यापूर्वी रक्कम वर्षावर आहे की टनावर, खोली किती, खड्डा बुजवण्याचा खर्च कोणाचा आणि त्याची अनामत आधी मिळणार का, एवढे विचारून घ्यावे. मोठ्या कंपन्यांना खाण बंद करण्याच्या खर्चाची तरतूद आधीपासून वहीत करावी लागते. लहान ठेकेदार ती आपण होऊन करील, अशी अपेक्षा नको.

काकांची ती वही माझ्याकडे आहे. पाचव्या वर्षानंतर ‘शेताचे उत्पन्न’ या खात्यावर एकही जमा नाही. खालच्या कोऱ्या जागेत काकूंनी कधीतरी शेंगांचा हिशेब मांडला आहे.